कॅन्सरच्या पेशी सोडतात त्या पुड्या: कशा गाळतात, आणि त्यांवर किती विसंबायचे?

“रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळतो म्हणतात, मग तोंडातला तुकडा कशाला कापू द्यायचा?” असा प्रश्न आता वस्तीत विचारला जातो. मोबाईलवर तशा बातम्या येतात, जाहिराती येतात, कोणी नातेवाईक नागपूरहून किंवा हैदराबादहून फोन करून सांगतो. असे विचारणाऱ्याला कोणी अडाणी म्हणून हसू नये. या बोलण्यामागे खरे संशोधन आहे. ते कुठपर्यंत आले आणि कुठे अडले, एवढे समजून घेतले की उत्तर सापडते.

सिरोंच्याच्या माणसासाठी तर हा प्रश्न पुस्तकी नाहीच. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली इथून सुमारे दोनशे किलोमीटर. तुकड्याची तपासणी म्हटली की गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नाहीतर पुलापलीकडे तेलंगणात वरंगल-हैदराबाद. दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो, त्याचीही मजुरी बुडते. अशा वेळी ‘इथेच रक्त द्या, आम्ही पाठवतो, रिपोर्ट मोबाईलवर येईल’ असे कोणी म्हटले तर मन तिकडे ओढले जाणारच. आणि आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात तोंडाच्या कॅन्सरचे कारण प्रत्येक पानठेल्यावर पन्नीत घोटले जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा सुरूच आहे. त्यात तंबाखू आहे, चुना आहे आणि सुपारी आहे. ‘मी तंबाखू काढून नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणारा पदार्थ ठरवले आहे.

आता ज्या वस्तूच्या जोरावर रक्ततपासणीची एवढी चर्चा आहे, तिच्याकडे वळू. तिचे नाव एक्सोसोम.

आपल्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी स्वतःच्या पडद्याच्या बारीक पुड्या बांधून बाहेर सोडत असते. पुडीत त्या पेशीची थोडी प्रथिने असतात आणि आरएनए नावाच्या संदेशाचे तुकडे असतात. ही पुडी म्हणजे एक्सोसोम. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. एक लाल रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते. म्हणजे शंभर नॅनोमीटरच्या सत्तर-ऐंशी पुड्या एका रांगेत ठेवल्या तर त्या एका रक्तपेशीच्या रुंदीएवढ्या होतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या दिसत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

१९८३ मध्ये कॅनडा आणि अमेरिका येथील दोन प्रयोगशाळांना त्या अपक्व लाल रक्तपेशींमध्ये सापडल्या. सुरुवातीला बहुतेकांना वाटले, पेशी आपला केरकचरा बाहेर टाकते आहे, त्यात काय बघायचे! पुढे १९९६ मध्ये दिसले की रोगप्रतिकारक पेशी या पुड्यांमधून एकमेकींना खुणा देतात. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले की त्यांतून आरएनए एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातो. कचरा समजलेली वस्तू टपाल निघाली. कॅन्सरची पेशीही टपाल पाठवते आणि तिच्या पुडीवर तिची ओळख असते. गाठ शरीराच्या आत दडलेली असली तरी तिच्या पुड्या रक्तात, लघवीत, लाळेत येतात. मग गाठ न कापता नुसती पुडी पकडून कॅन्सर ओळखता येईल का? सगळ्या आशेचे मूळ हे एवढेच आहे.

अडचण पकडण्यात आहे. रक्तात फक्त कॅन्सरच्या पुड्या नसतात. निरोगी पेशींच्या असंख्य पुड्या असतात. त्यात जवळपास त्याच आकाराचे चरबीचे कण असतात, तेही पुड्यांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून शास्त्रज्ञ आधी सोप्या ठिकाणी हात साफ करतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशी घ्यायच्या, त्या ज्या पोषक द्रवात वाढतात तो द्रव एक-दोन दिवसांनी काढून घ्यायचा आणि त्यातून पुड्या वेगळ्या करायच्या.

बशीत पेशी वाढवण्याच्या या विद्येला आपल्या महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्याच परंपरेतील संस्था आज नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून काम करते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींचा देशाचा साठा आहे, तिथून त्या ठिकठिकाणच्या संशोधकांना दिल्या जातात.

जगात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या अशा पेशी कोणाच्या आहेत, हे आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या आहेत. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना तिच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या. तिला कोणी विचारले नाही. ती त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र आजही जगभर वाढत आहेत. त्यांवर औषधे तयार झाली, कंपन्यांनी पैसा कमावला, आणि तिच्या मुलांना वीसेक वर्षे याचा पत्ताही नव्हता. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. ज्यांना विचारायची गरज वाटत नाही अशी माणसे समाजव्यवस्था कशी तयार करते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

तर पुड्या गाळायच्या पद्धती. मुख्य अशा चार-पाच आहेत, आणि प्रत्येकीची नड वेगळी.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे जोरात फिरवणे. शेतात पाखरे हाकायला गोफण फिरवतो तेव्हा दगड बाहेरच्या बाजूला ओढला जातो. जितका जोर, तितकी ओढ. यंत्रात नळी अशीच गरगर फिरवतात. आधी पृथ्वीच्या ओढीच्या तीनशेपट जोराने, तेव्हा जिवंत पेशी तळाला बसतात. मग दोन हजारपट, मेलेल्या पेशी बसतात. मग दहा हजारपट, पेशींचे मोठे तुकडे बसतात. प्रत्येक वेळी तळाचा गाळ टाकून वरचे पाणी पुढे न्यायचे. शेवटी एक लाखपट जोराने तासाहून अधिक वेळ फिरवले की पुड्या तळाशी बसतात. त्या धुवायच्या आणि पुन्हा तेवढेच फिरवायचे. या पद्धतीत औषध-रसायन फारसे लागत नाही आणि पुष्कळ द्रव एका वेळी घेता येतो. पण यंत्र फार महाग, अख्खा दिवस जातो, आणि एवढ्या दाबाखाली काही पुड्या फुटतात, काही एकमेकींना चिकटून गोळा होतात. शिवाय सुट्या प्रथिनांचे गोळेही त्यांच्यासोबत तळाला येऊन बसतात. हाताने काम करणारा माणूस बदलला, यंत्राचा फिरता भाग बदलला, तरी हाती येणारा माल कमी-जास्त होतो.

तो माल आणखी साफ करायचा तर साखरेच्या थरांची पद्धत आहे. नळीत खाली घट्ट पाक, वर पातळ पाक असे थर रचायचे आणि मग फिरवायचे. जो कण जितका जड, तो आपल्या वजनाच्या थरापाशी जाऊन थांबतो. बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात धान टाकतो, पोचट वर येते आणि भरलेले खाली जाते, त्याच्याच जातीचे हे. यातून पुड्या बऱ्याच शुद्ध मिळतात, पण तासन् तास जातात आणि हाती फार थोडे राहते.

दुसरी वाट तुरटीची. पावसाळ्यात प्राणहितेचे गढूळ पाणी घागरीत भरून त्यात तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो, हे घराघरात माहीत आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या अनेक एक्सोसोम किटमध्ये असाच एक पदार्थ असतो, पॉलिमर. तो द्रवात घातला, रात्रभर थंड ठेवला आणि साध्या यंत्रात फिरवला की पुड्या खाली बसतात. महागडे यंत्र नको, थोड्या नमुन्यातूनही भरपूर माल दिसतो. पण तुरटीला काय ठाऊक की कोणता गाळ तुम्हाला हवा आहे! पुड्यांसोबत प्रथिने, चरबीचे कण, सगळेच बसते, वर पॉलिमरही मागे राहतो. माल जास्त दिसतो त्याचे कारण बऱ्याचदा तो भेसळीचा असतो. कमी खर्चाच्या प्रयोगशाळा याच पद्धतीकडे वळतात. त्यांचा नाइलाज समजतो, पण त्या मालावरून मोठे निष्कर्ष काढणे बरोबर नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पद्धत ऐकून आधी उलटीच वाटते. एका उभ्या नळीत छिद्रे असलेले बारीक मणी भरतात आणि वरून नमुना सोडतात. चाळणीत बारीक आधी पडते आणि जाड वर राहते. इथे मोठे कण आधी बाहेर येतात आणि बारीक मागून. आठवडी बाजाराची गल्ली डोळ्यांसमोर आणा. लहान पोर प्रत्येक दुकानात शिरते, मागच्या दाराने निघते, पुन्हा दुसऱ्यात शिरते. लादलेली बैलगाडी कुठेच शिरू शकत नाही, ती सरळ रस्त्याने पलीकडे जाते. म्हणून गाडी आधी पोहोचते. तसेच पुड्या मोठ्या असल्याने मण्यांच्या छिद्रांत शिरत नाहीत, आधी बाहेर येतात. सुटी प्रथिने छिद्राछिद्रांत हिंडून मागाहून येतात. दाब नाही, त्यामुळे पुड्या फुटत नाहीत, आणि प्रथिनांपासून त्या चांगल्या वेगळ्या होतात. रक्तासाठी आज अनेक शास्त्रज्ञ हिला पसंती देतात. पण रक्तातले चरबीचे मोठे कण पुड्यांएवढेच असल्याने तेही सोबत येतात, आणि माल पातळ होऊन येतो.

चौथी पद्धत गळ टाकून मासा धरण्याची. पुड्यांच्या पृष्ठभागावर सीडी-९, सीडी-६३, सीडी-८१ अशा नावांची प्रथिने असतात. त्यांना घट्ट धरणारी प्रतिपिंडे लोहचुंबकाला ओढल्या जाणाऱ्या बारीक मण्यांवर लावतात, मणी द्रवात सोडतात आणि चुंबकाने बाहेर ओढतात. सगळ्यांत शुद्ध माल इथे मिळतो. कॅन्सरच्या पेशीवरच असणारे एखादे प्रथिन ठाऊक असेल तर फक्त तिच्या पुड्या वेचून काढायची आशाही इथेच आहे. पण ज्या आमिषाला जो मासा लागतो तोच मिळतो. ज्या पुडीवर ते प्रथिन नाही ती निसटते, आणि आपण समजतो ती नव्हतीच. खर्च मोठा, माल थोडा, आणि धरलेली पुडी गळावरून शाबूत सोडवणेही अवघड. याशिवाय अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणे आहे, बोटाएवढ्या काचेच्या पट्टीवर केसासारखे पाट कोरून त्यातून नमुना वाहवणे आहे. पडदा तुंबतो. काचेची पट्टी पुढे-मागे दवाखान्यात येऊ शकेल, अजून ती बहुतांशी प्रयोगशाळेत आहे.

आणखी एक गोम. बशीतल्या पेशींना खायला वासराच्या रक्तातला द्रव देतात आणि त्यात गाईच्या पुड्या असतात! त्या आधी काढून टाकल्या नाहीत, तर संशोधक कॅन्सरच्या पुड्या म्हणून गाईच्याच मोजत बसतो. हे या विषयात नवख्यांकडून सर्रास होते.

आता मुद्द्यावर येऊ. एकाच माणसाचे रक्त घ्या, त्याचे चार भाग करा आणि चार पद्धतींनी पुड्या काढा. पुड्यांची संख्या वेगळी येते, त्यातली प्रथिने वेगळी येतात, आरएनए वेगळा येतो. मग एका प्रयोगशाळेने म्हटले की ‘अमुक खूण दिसली म्हणजे कॅन्सर’, तर दुसऱ्या पद्धतीने काम करणाऱ्या प्रयोगशाळेला ती खूण दिसेलच असे नाही. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा नियमावली काढली. कोणत्या पद्धतीने काढले ते पूर्ण लिहा, पुड्या सूक्ष्मदर्शकात दाखवा, पुडीवर असायला हवीत ती प्रथिने दाखवा, आणि नसायला हवीत ती नाहीत हेही दाखवा, अशी तिची मागणी असते. भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा म्हणून मानू नका, पारखून घ्या. त्याच कसोटीवर हे शास्त्र स्वतःला घासते आहे, आणि म्हणूनच ते अजून ‘झाले, तयार आहे’ असे म्हणत नाही. घाई जाहिरात करणाऱ्यांना असते.

एकही चाचणी बाहेर आली नाही असे मात्र नाही. अमेरिकेत लघवीतील एक्सोसोम तपासून प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज देणारी एक चाचणी वापरात आहे. पण तीसुद्धा बायोप्सी करायची की थांबायचे एवढे ठरवायला मदत करते, बायोप्सीची जागा घेत नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठी लाळेतील एक्सोसोमवर काम सुरू आहे, ते आपल्या भागाला फार उपयोगी पडेल. आज मात्र रक्तातला किंवा लाळेतला एक्सोसोम बघून ‘तुम्हाला तोंडाचा कॅन्सर नाही’ असे खात्रीने सांगणारी, सर्वमान्य झालेली चाचणी नाही. तसा कागद हातात घेऊन तोंडातला चट्टा विसरला तर त्या कागदाने जीव घेतला असेच म्हणावे लागेल. केसांसाठी, चेहऱ्यासाठी, गुडघ्यासाठी ‘एक्सोसोमची सुई’ विकणारेही आहेत. अशा मालाने रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

मग सिरोंच्यात काय करायचे? बॅटरी आणि आरसा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात तपासली आणि संशयिताला पुढे पाठवले. २००५ मध्ये निष्कर्ष आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये, तपासणी झालेल्या गावांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. ना मोठे यंत्र, ना किट.

खर्रा, तंबाखू, गुडाखू, नस यांपैकी काहीही घेणाऱ्याने महिन्यातून एकदा चूळ भरून उजेडात तोंड पाहावे. गालाची आतली बाजू, जीभ उचलून तिच्या कडा आणि खालची जागा, हिरड्या, ओठ आतून. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, मानेतली गाठ, तिखट न सोसणे. आणि आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील तर खर्ऱ्याने गाल आतून आवळू लागले आहेत. बायांनी हे पुरुषांचे म्हणून सोडू नये. नस आणि गुडाखू घासणाऱ्या आया-आज्या आपल्या घरात आहेत, आणि त्यांचे तोंड कोणी बघत नाही.

यातले काही दिसले तर आधी सिरोंच्याचे ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला तर नाही म्हणू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. तोंडाच्या बायोप्सीबाबत तिला आधार नाही. लोक महिनोन् महिने थांबून, रोग वाढल्यावर तुकडा द्यायला जातात, मग थोड्या दिवसांत माणूस खालावतो आणि दोष सुईवर येतो. तुकड्यात डॉक्टर पेशी प्रत्यक्ष बघतात, कशा रचल्या आहेत आणि किती खोल गेल्या आहेत ते बघतात. पुडीवरून पेशीचा अंदाज बांधावा लागतो, इथे पेशीच समोर असते. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा समावेश आहे. निघतानाच रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने सगळे कागद सोबत ठेवा आणि योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतो ते आधी विचारा.

एक गोष्ट बोललीच पाहिजे. पाचवे शील पाळतो, दारूला शिवत नाही, असे अभिमानाने सांगणारे कितीतरी उपासक १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाताना गाडीत खर्ऱ्याची पुडी ठेवतात. विहाराच्या पायरीवर पन्न्या पडलेल्या असतात. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’चे दारू-तंबाखूविरोधी काम सुरू आहे. आपल्या विहार समितीला निदान आवारात खर्रा नको एवढा ठराव करता येईल. वर्षावासात ग्रंथवाचनानंतर दहा मिनिटे बॅटरी घेऊन एकमेकांची तोंडे बघता येतील, आशाताईंना बोलावता येईल.

राहिली संशोधनाची गोष्ट. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर कदाचित तुम्हाला विचारतील की, तुमची लाळ, रक्त किंवा काढलेल्या गाठीचा भाग अभ्यासासाठी देता का. द्यायला हरकत नाही, असे नमुने मिळाल्याशिवाय उद्याची चाचणी तयार होणार नाही. पण संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, मराठीत, तेलुगूत, माडिया-गोंडीत समजावून मागा. नमुना कशासाठी, किती दिवस ठेवणार, नाव गुप्त राहील का, हे विचारा. नाही म्हटले तरी तुमचा उपचार थांबवता येत नाही. अंगठा उठवायच्या आधी कागद घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या आणि त्याची एक प्रत मागून घ्या.